कोल्हापूरला येताना तहान घेऊन या

घड्याळ, मोबाइल, गॉगल सगळं घरी ठेवा. पाण्याची बाटली तर आधी ठेवा. आपण जिथं निघालोय तिथं पाणी विकत मिळत नाही, ते कुणाच्या तरी हातून मिळतं. धोतर नेसायला जमत नसलं तर पायजमा चालेल, पण डोक्याला काहीतरी बांधा. साल 1921. चैत्री पौर्णिमा उद्यावर आलीय आणि मिरजेला उतरून तुम्ही कोल्हापूरच्या छोट्या गाडीत चढताय.

चढताय म्हणजे काय, आत ढकलले जाताय. डब्यात बसायला जागा नाही आणि उभं राहायलाही नाही. घाम, तंबाखू, फडक्यात बांधलेली लसणाची चटणी आणि त्यावरून मधूनच येणारा एक हिरवा, कडसर, थंड वास. तो दवण्याचा. जोतिबाला वाहायला कुणी घरूनच जुड्या बांधून आणल्यात. खिडकीतून आत येणारं वारं भट्टीतून आल्यासारखं तोंडावर आपटतं. समोरच्या बाकावरची म्हातारी तुमच्याकडं टक लावून बघत असते. मग सरकते आणि म्हणते, "टेका की हितं. उभं ऱ्हाऊन काय गाडी लवकर पोचतीया व्हय?" चार बोटं जागा झालीय. टेका.

रुकडीजवळ गाडीचा आवाज बदलतो, पोकळ होतो. खाली पंचगंगा. डब्यातले हात आपोआप जोडले जातात, खिडकीतून दोन-चार पैसे पाण्यात पडतात. नदी उन्हानं आटून एका कडेला गेलीय, पण दोन्ही बाजूंचा ऊस बघून डोळे निवतात. अजून एखाददुसरं गुऱ्हाळ चालू आहे. काहिलीत रस उकळतोय, त्याचा गोड, जरासा करपट वास डब्यापर्यंत येतो आणि तुमच्या घशाला पहिल्यांदा जाणवतं की आपल्याला तहान लागलीय. लागू द्या. या गावात ती कामाला येणार आहे.

स्टेशनावरून टांगा करा आणि मंगळवार पेठेकडं चला. रस्त्याला धूळ घोट्यापर्यंत. आणि मग, काही कळायच्या आत, शिंक. एक, दोन, पाच. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. टांगेवाला हसतो. त्याचेही डोळे लालच आहेत. पेठेत चटणी कुटायला बसल्यात.

उतरा आणि हे जरा जवळून बघा, कारण कोल्हापूरचं पुढचं वर्षभराचं जेवण इथं या अंगणात तयार होतंय. पटकुरावर मिरच्या वाळत पडल्यात: संकेश्वरी लांब, बारीक, तिखटाला, ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला. शेजारी उन्हात सुकवलेला कांदा, लसूण, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे. दोन बायका समोरासमोर उभ्या राहून एकाच उखळात आळीपाळीनं मुसळ घालतायत. तोंडाला पदर घट्ट बांधलेला, फक्त डोळे दिसतात. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. ताल जरा चुकला तर बोटं जायची, पण तो चुकत नाही, कारण ओवी त्याच तालावर चाललीय. कुटता कुटता लसणाचा ओलावा मिरचीत उतरतो, कोरडी लाल पूड हळूहळू मऊ, तेलकट, गडद होत जाते. चिमूटभर जिभेवर ठेवा. आधी गोडसर लागेल, मग लसूण, मग कानाच्या पाळ्या गरम होतील.

आता पाणी मागा. घरची मावशी नुसतं पाणी देत नाही. पितळी तांब्याबरोबर एका ताटलीत गुळाचा खडा येतो. पिवळाधमक, जिभेवर टाकला की विरघळणारा. गूळ खायचा, मग पाणी प्यायचं. उन्हातून आलेल्याला लगेच नुसतं पाणी पाजू नये, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "कुठलं पाव्हणं?" हा प्रश्न पाणी पिऊन झाल्यावर येतो, आधी नाही.

एक सांगून ठेवतो. हा तांब्या तुम्हाला जितका सहज मिळाला तितका तो या गावात सगळ्यांना मिळत नाही. त्यासाठी आपल्याला एका चहाच्या दुकानात जायचंय. पण ते शेवटी.

दुपारी झोपून घ्या. शाहू मिलचा भोंगा ऐकू आला तरी उठू नका, कारण रात्रभर जोतिबाच्या डोंगराकडं चालायचंय.

दिवस मावळला की पंचगंगेच्या घाटावर या. नदीकाठाला बैलगाड्यांचं गावच वसलंय. कराडकडच्या, साताऱ्याकडच्या, बेळगावकडच्या गाड्या. जू खाली टेकवलेली, बैल कडबा खातायत, तीन दगडांच्या चुली पेटल्यात. पाण्यात पाय सोडा. दिवसभर तापलेल्या दगडी पायऱ्या अजून गरम आहेत आणि पाणी गार आहे, पायांना दोन्ही एकदम कळतं. मग चंद्र वर आला की गर्दी उठते आणि वडणग्याच्या रस्त्याला लागते. वडणगे, निगवे, कुशिरे. वाटेत दर वस्तीपाशी कुणीतरी रांजण भरून बसलेलं असतं. कुणाच्या घागरीत पन्हं आहे: उकडलेली कैरी, गूळ, वेलदोडा. द्रोण पुढं करा. पैसे काढू नका, देणाऱ्याला वाईट वाटेल.

कुशिऱ्याच्या पुढं चढ लागतो. डोंगर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर आहे आणि शेवटच्या टप्प्यात त्यातला एकेक फूट गुडघ्यांना कळतो. पण थांबता येत नाही, कारण मागून माणसं येतायत. "जोतिबाच्या नावानं चांगभलं" ही आरोळी खालून कुठून तरी सुटते, वर चढत येते, तुमच्या तोंडातून जाते आणि पुढच्याला मिळते. तुम्ही ठरवून ओरडत नाही, ते होऊन जातं.

सकाळी उन्हं वर आली की वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाच्या डोंगराचा, रंग बघा. दगडी शिखरं, दीपमाळा, पायऱ्या, माणसं, बैलांची शिंगं, सगळं गुलाबी. गुलालाबरोबर खोबऱ्याचे तुकडे उधळले जातात, ते डोक्यावर टपटप पडतात. केसांत, कानांत, दातांत गुलाल. त्याची एक दमट, गोडसर चव असते, ती तुम्ही विसरणार नाही. आणि या गुलाबी धुरळ्यातून सासनकाठ्या येतात.

सासनकाठी लांबून बघितली तर रंगीत कापडं गुंडाळलेला, आभाळाला टेकलेला वेळू दिसतो. जवळून बघा. तीस-चाळीस फूट उंच काठीचा सगळा भार खाली एका माणसावर आहे. काठीच्या वरच्या टोकापासून चारी दिशांना दोर सुटलेत, त्यांना तोरण्या म्हणतात, आणि एकेक तोरणी धरून एकेक गडी मागं रेलून उभा आहे. हलगी कडाडली की खालचा गडी नाचायला लागतो. काठी कलते. समोरचा तोरणी ताणतो, बाजूचा सैल सोडतो, काठी सरळ होते. कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांचे डोळे वर टोकाकडं. तळहात दोरानं सोलवटलेत. पहिला मान साताऱ्याकडच्या पाडळीच्या काठीचा, त्यामागून गावोगावच्या. तुमच्या शेजारच्या गड्याला धाप लागलीय. तो न विचारता तोरणी तुमच्या हातात देतो आणि पाणी प्यायला जातो. धरा घट्ट. दोर जिवंत असल्यासारखा ओढतो. खांदे भरून येतील, पण तो परत येईपर्यंत सोडायचा नाही. आणि तो येतो तेव्हा त्याच्या हातात तुमच्यासाठी तांब्या असतो.

संध्याकाळी पालखी यमाईदेवीकडं निघते तेव्हा दवणा पायाखाली चुरडला जातो आणि सगळ्या डोंगराला तो हिरवा वास सुटतो. गाडीच्या डब्यात आला होता तोच. देवळाच्या दगडाला पाठ लावून बसा आणि नुसता श्वास घ्या. माझ्या मते चैत्राचा वास कुठला, तर हाच.

दुसऱ्या दिवशी शहर झोपलेलं असेल असं वाटतं, पण नाही. यात्रा डोंगरावरून खाली अंबाबाईला आलीय, आज रात्री देवीचा रथ निघणार. महाद्वारापासून दारोदार सडे पडतायत, रांगोळ्या सुरू झाल्यात. मावशीच्या घरी मात्र आज मटणाचा बेत आहे. आधी पोरांना अळणी, मग ताटात भाकरी, सुकं मटण आणि दोन वाट्या रस्सा. पांढऱ्यात खसखस, तीळ, नारळाचं दूध; तांबड्यात परवाची ती चटणी. तांबडा भुरकायचा, डोळ्यात पाणी आलं की पांढरा. मावशी वाढताना हात आखडत नाही आणि नको म्हणायची सोय नाही. "पाव्हणं लाजत्यात जनू," म्हणत आणखी एक पळी पडते.

तिसऱ्या प्रहरी खासबागेत चला. शाहू महाराजांनी युरोपच्या वारीत रोमचं जुनं क्रीडागार बघितलं आणि परत येऊन हे कुस्तीचं मैदान बांधून घेतलं. ते 1912 साली पुरं झालं. मातीची प्रचंड परात म्हणा. तीस हजार माणूस बसतं आणि शेवटच्या माणसालाही मधला हौदा दिसतो, मधे एक खांब नाही. शेजारी पॅलेस थिएटर आहे, उघडून सहाच वर्षं झालीत. जाता जाता त्याच्या भिंतीवरून हात फिरवा. पुढं त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळेल, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री ते आगीत जाईल. तुम्ही हात फिरवलेली भिंत आठवायला तुमच्याकडं असू द्या.

मैदानातली माती लाल, लोण्यासारखी मऊ. ताक, लिंबू, तेल, हळद जिरवलेली. त्या मातीचा वास आणि तापलेल्या अंगांचा वास एक होतो. तालमीतली पोरं बदाम, खसखस आणि मिरं घोटलेल्या थंडाईच्या घागरी घेऊन बसलीत. वस्तादाची ओळख काढलीत तर पेलाभर मिळेल; घशातून गारवा थेट पोटात उतरतो. मग हलगी थांबते. तीस हजार माणसं गप्प. दोन मल्ल माती कपाळाला लावतात, हात मिळतात, आणि मांडीवर पडलेल्या शड्डूचा आवाज मैदानाच्या कडेला जाऊन परत येतो. बराच वेळ काही होत नाही असं वाटतं. मान, मनगट, पुन्हा मान. शेजारचा म्हातारा श्वास धरून पुटपुटतो, "घिस्सा मारणार बघा." आणि मारतो! पाठ मातीला लागलेली तुम्हाला दिसायच्या आधी हजारो फेटे हवेत उडालेले असतात. म्हाताऱ्यानं तुम्हाला मिठी मारलीय. तुमचा कालचा गुलाल त्याच्या सदऱ्याला लागला.

तेवढ्यात उगवतीकडून काळं येतं. वारं सुटतं, धूळ उठते, कैऱ्या पटापट गळतात. वळीव! टपोरे थेंब, मग गारा, मग सरळ कोसळणं. छपराखाली पळू नका. तोंड वर करा आणि उघडा.

पाऊस अर्ध्या तासात उरकतो. ओल्या मातीच्या वासात, ओल्या अंगानं भाऊसिंगजी रोडला या. आता चहा. दुकान साधं आहे, नाव ‘सत्यसुधारक हॉटेल’, चालवणारे गंगाराम कांबळे. ते सरकारी पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना जनावरासारखं मारण्यात आलं. हौदाला शिवले, एवढंच कारण. महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यांनी काढला तो चहाचा. सुरुवातीला दलिताच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना. मग छत्रपतींचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, इथं दारात थांबू लागला. महाराज चहा मागत, पीत, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. तहान शिवाशीव मानत नाही, हे सांगायला त्यांनी भाषण केलं नाही, कप उचलला.

बाकावर बसा. भट्टीवर दूध उतू जायला आलंय, आल्याचा वास आहे, कौलावरून अजून पाणी ठिबकतंय. कप हातात आला की दोन्ही तळव्यांत धरा. तोरणीनं सोलवटलेल्या हातांना बरं वाटेल. बाहेर खडखड असा आवाज आला तर उठून उभे राहा. जुने लोक सांगतात, माणूस आडमाप मोठा होता आणि हसणं त्याहून मोठं. पुढच्या वर्षी, 6 मे 1922 ला, ते जाणार आहेत. तुम्हाला हे ठाऊक आहे, इथं कुणालाच नाही. बोलू नका. नुसतं डोळे भरून बघून घ्या.

रथाचे ढोल वाजायला लागलेत, त्यामुळं चहा संपवा आणि निघा. पैसे देऊन निघा. हा धंदा आहे आणि तो चालायला हवा. महाराज गेल्यावर त्यांचं पहिलं स्मारक नर्सरी बागेत उभं केलं, ते याच चहावाल्या गंगारामांनी.