रामघाटावरचा एक वेध

क्षिप्रेच्या रामघाटावर उतरणाऱ्या मराठी यात्रेकरूला उज्जयिनी परकी वाटत नाही. कारण राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकाळाच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला, १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरीस मुक्काम हलवीपर्यंत शिंद्यांची राजधानी येथेच होती, आणि सवाई जयसिंगाने याच नदीकाठी उभारलेली वेधशाळा १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करविली, तेव्हा तिची व्यवस्था गोविंद सदाशिव आपटे या ज्योतिर्विदांकडे आली. आधी वेध घ्यावा आणि मग विधान करावे, हा त्या शास्त्राचा दंडक. तोच दंडक बॅटरी दुरुस्तीच्या साध्या धंद्यातही पाळला जातो, हे मला या घाटाजवळच उमगले.

गेल्या वैशाखात आमची जुनी प्लग-इन हायब्रिड मोटार चार दिवस उन्हात उभी राहिली आणि पाचव्या सकाळी समोरच्या फलकावर इशाऱ्याचे दिवे लुकलुकले, पण गाडी सुरू होईना. दूरध्वनीवरून एका कार्यशाळेने मोठा बॅटरीसंच बदलावा लागेल असा फैसला दिला. घाटाजवळच्या रस्त्यावर ई-रिक्षांच्या बॅटऱ्या तपासणाऱ्या एका वृद्ध कारागिराने मात्र मोठ्या संचाला हातही न लावता बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीला मीटर लावला, साडेदहाचा आकडा पाहिला आणि शांतपणे सांगितले की, सहांपैकी एक सेल बसला आहे.

या निदानामागे दीड शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. १८५९ मध्ये गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे आणि गंधकाम्ल यांचा पुन्हा भरता येणारा विद्युत्घट सिद्ध केला. त्याचा एक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो, म्हणून सहा धड सेलांचे साडेबारा होतात आणि पाचांचे साडेदहाच. ज्या बॅटऱ्यांची झाकणे उघडतात, त्यांत रबरी फुग्याच्या काचनळीने प्रत्येक सेलातील आम्ल ओढून हायड्रोमीटरवर त्याच्या सापेक्ष घनतेचा आकडा पाहतात: भरलेल्या सेलात तो १.२८ च्या आसपास असतो, आणि बाकीचे पाच तेथे असता एकच खाली राहिला, तर गुन्हेगार सापडला असे समजावे.

पेट्रोल आणि वीज यांचा संयोग फर्डिनांड पोर्शे याने १९०० च्या सुमारास व्हिएन्नात साधला होता. पण तो घरोघर पोहोचण्यास १९९७ साली टोयोटाची प्रायस जपानात यावी लागली, आणि घरच्या विजेवर भरता येणारी मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली हायब्रिड मोटार चीनमधील बीवायडी कंपनीने २००८ मध्ये आणली. या मोटारींच्या संचात शेकडो व्होल्टचा दाब असतो, म्हणून विद्युतरोधक हातमोजे आणि शिक्षण यांवाचून त्याला कोणी हात लावू नये. परंतु तो संच गाडीशी जोडणारा रिले मिटण्यासाठी मात्र प्लांतेच्या वंशातील छोटी बॅटरीच लागते, आणि ती खचली की मोठा साठा भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही. म्हणूनच तपासाची सुरुवात धाकट्यापासून करावी. मोठ्या संचातही नियम तोच: सेल मालिकेने जोडलेले असल्यामुळे सर्वांत दुबळा सेल रिता होताच नियंत्रक संपूर्ण संच थांबवितो, आणि मालकाला वाटते की सारा संचच म्हातारा झाला.

उष्णता हे वार्धक्य लवकर आणते, आणि उज्जयिनीचा सिंहस्थ तर चैत्र-वैशाखातच येतो. २०१६ साली तो २२ एप्रिल ते २१ मेपर्यंत भरला होता. यात्रेकरूंना वाहणाऱ्या ई-रिक्षांचा एक पूर्वज विसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी घडविला, ही अभिमानाची गोष्ट. आज रामघाटाच्या वाटेवरील रिक्षेत सहसा बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात. एक बसली की चारही फेकण्याची घाई होते, आणि ती आवरण्याचे काम त्या कारागिरासारखी माणसे करतात.

त्याने नवी बॅटरी बसविली, पुन्हा मीटर लावून १२.६ चा आकडा मला दाखविला, आणि तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने त्या दिवसाची तारीख लिहिली. पुढच्या वेळी तपास करणाऱ्याला आधी तीच वाचावी लागेल.