मातीचा नाग : शिराळा आणि चाम्पेय्य जातक

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे गाव नागपंचमीच्या जिवंत नागपूजेमुळे सर्वदूर परिचित झाले. परंतु या प्रथेच्या मुळाशी जी लोककथा सांगितली जाते, तिचा प्रारंभ मातीच्या नागाने होतो, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. गोरक्षनाथ महाजनांच्या दारी भिक्षेस आले असता गृहिणी मृण्मय नागाच्या पूजेत गुंतली होती. भिक्षेस विलंब झाला, तेव्हा जिवंत नागाची पूजा करशील काय, असे नाथांनी तिला विचारले. म्हणजे मातीची पूजा नाथांच्या आगमनापूर्वीची आहे, असे लोककथाच मानते.

सातारा-सांगलीकडे बेंदराचे बैल आणि पंचमीचा नाग कुंभाराच्या हातून घडतात. मडक्याच्या मातीत राख व लीद मिसळतात, मडके आव्यात भाजतात. पूजेची मूर्ती मात्र बहुधा कच्चीच राहते व पुढे पाण्यात विरते. इतिहासकाराची खरी अडचण येथेच आहे. तेरच्या सातवाहनकालीन मृण्मूर्ती भाजलेल्या होत्या, म्हणून त्या तेथील संग्रहालयात पाहावयास मिळतात. कच्चा नाग मागे काहीच ठेवीत नाही.

म्हणूनच, कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, तस्मात शिराळ्याचा नाग हा बौद्ध अवशेष होय, हे आपल्यापैकी काहींचे उत्साही विधान मला मान्य करता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथील भाषणात नाग लोकांनी बौद्ध धर्माचा प्रसार केल्याचे सांगितले. ते प्रतिपादन मानवसमूहाविषयी होते. त्यास सर्पपूजेचा पुरावा करणे योग्य नव्हे.

उगमाचा पुरावा नसला तरी तुलना करता येते. चाम्पेय्य जातकातील नागराज उपोसथ पाळीत वारुळावर पडून राहतो; गारुडी त्यास पकडून लोकांपुढे नाचवितो. सामर्थ्य असूनही तो दंश करीत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ही कथा चितारली आहे. तेथे करुणेचा विषय गर्दीपुढे नाचविला जाणारा नागच आहे, हे शिराळ्याच्या मिरवणुका आठवताना ध्यानी येते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी जिवंत नागांच्या या पूजेवर बंधने आली. ग्रामस्थांना ती जाचक वाटली, आणि त्यांची व्यथा खोटी नव्हती. तथापि त्यानंतर पुन्हा प्रतिमेचीच पूजा होऊ लागली; कथेतील ती गृहिणी नाथांपूर्वी जे करीत होती, तेच.