गाणाऱ्या कुटुंबाच्या फोटोत कोण नाही?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या नैऋत्य टोकाला, क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी हिल्टन्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे शनिवारी संध्याकाळी 'कार्टर फॅमिली फोल्ड' या लाकडी सभागृहात कंट्री संगीताची मैफल भरते. लोक एकेकटे येत नाहीत, घरच्या घर येतं. मंचासमोर मोकळी जागा असते. गाणं सुरू झालं की आजोबा तळाला पत्रा ठोकलेले बूट वाजवत नाचायला उतरतात आणि नातवंडं त्यांचं बघून पाय टाकतात. दारूला बंदी आहे, आणि विजेवरची वाद्यं मंचावर चालत नाहीत. ऑगस्टमध्ये तर इथे जत्राच असते.

ऑगस्टच का, याचं उत्तर १९२७ सालात आहे. हिल्टन्सपासून साधारण २५ मैलांवर ब्रिस्टल शहर आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जाते: एक फुटपाथ व्हर्जिनियात, तर समोरचा टेनेसीत. त्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीर तिथे ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन आला आणि हॅटच्या कंपनीच्या जुन्या इमारतीत त्याने स्टुडिओ थाटला. २५ जुलै ते ५ ऑगस्ट या काळात १९ गायक आणि संचांची ७६ मुद्रणं झाली. कंट्री संगीताचा व्यवसाय इथून खऱ्या अर्थाने उभा राहिला, असं मानतात.

१ ऑगस्टला तिथे पोहोचले ए. पी. कार्टर, त्यांची बायको सारा आणि मेबेल. मेबेल ही साराची चुलतबहीण आणि नात्याने तिची जाऊही. ती १८ वर्षांची होती, दिवस भरत आले होते. साराचं तान्हं बाळ, जो, सोबत होतं आणि त्याला सांभाळायला मोठी मुलगी ग्लॅडिस. दोन दिवसांत सहा गाणी झाली. एका गाण्याचे ५० डॉलर.

बाजाराला हे चित्र फार आवडलं. नवरा, बायको, भावजय. घरच्या ओसरीवर गातात तशी गाणी. कार्यक्रमाच्या पत्रकावर तर तो नीतीला धरून असल्याची हमीच छापलेली असे. पण याच बाजाराने गाण्यांची वाटणीही केली होती. काळ्या गायकांच्या तबकड्यांचा कॅटलॉग वेगळा, डोंगराळ भागातल्या गोऱ्यांचा वेगळा. पीर स्वतः या दोन्ही व्यवसायांचा जाणकार होता. प्रत्यक्षात बॅन्जोचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांसोबत आले होते, आणि गोऱ्या-काळ्यांची गाणी शेकडो वर्षं एकमेकांत मिसळत होती. त्यांची फाळणी झाली ती दुकानाच्या फळीवर.

कार्टर कुटुंबाच्याच घरात याचा पुरावा आहे. ब्रिस्टलनंतर ए. पी. नव्या गाण्यांच्या शोधात गावोगाव हिंडू लागले. त्यांना शब्द टिपता येत, पण चाल लक्षात राहत नसे. चाल लक्षात ठेवायचा लेस्ली रिडल, टेनेसीतल्या किंग्जपोर्टचा काळा गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक पाय गेला होता. बंदुकीच्या अपघातात उजव्या हाताची बोटं गमावल्यावर त्याने वाजवण्याची स्वतःची पद्धत बसवली होती. तो कार्टरांकडे मुक्कामाला असे आणि मेबेल त्याचं वाजवणं बघून शिकली. जमा केलेली पुष्कळशी गाणी ए. पी. कार्टर यांच्या नावाने नोंदली गेली. या कुटुंबाच्या तबकड्यांवर रिडल मात्र कुठेच ऐकू येत नाही. पुढे तो न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला निघून गेला. १९६५ मध्ये संगीत-संग्राहक माइक सीगर यांनी त्याला शोधून काढलं, तेही मेबेलने त्याची आठवण सांगितल्यामुळे.

आणि फोटोत जे होते, त्यांचं काय? सारा १९३३ मध्ये ए. पीं.चं घर सोडून गेली, नंतर घटस्फोट झाला. १९३९ मध्ये तिने त्यांच्याच चुलतभावाशी लग्न केलं. तरीही 'कार्टर फॅमिली' या नावाने तिघं १९४३ पर्यंत एकत्र गात राहिले. घर मोडलं होतं. घराचं गाणं चालू होतं आणि खपतही होतं.

ए. पी. १९६० मध्ये गेले. त्यांची मुलगी जॅनेट हिने १९७४ मध्ये वडिलांच्या बंद पडलेल्या दुकानात शनिवारच्या मैफली सुरू केल्या. गर्दी वाढली तेव्हा शेजारी सभागृह उभं राहिलं. ते बांधण्यात पुढाकार होता तिच्या भावाचा, जोचा. ब्रिस्टलला सोबत असलेलं तेच बाळ. मेबेलची मुलगी जून हिचा नवरा जॉनी कॅश. विजेच्या वाद्यांची बंदी फक्त त्याच्यासाठी शिथिल होत असे. जून गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ५ जुलै २००३ रोजी, तो इथे गायला. ते त्याचं शेवटचं जाहीर गाणं ठरलं.

आपल्याकडे 'घराणं' म्हणताना रक्ताच्या नात्याइतकाच शिष्यालाही हक्क असतो, निदान तत्त्वतः. त्या हिशेबाने लेस्ली रिडल कार्टर घराण्यातलाच, किंबहुना मेबेलचा गुरू. मेबेल अंगठ्याने खालच्या सुरांच्या तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरायची. आज जगभर गिटार शिकणारी पोरं ही पद्धत 'कार्टर' नावानेच शिकतात.

फोल्ड म्हणजे मेंढरांचा वाडा. संध्याकाळी सगळी परत आली की नाही, हे मोजूनच वाड्याचं दार लावतात. कुटुंबासोबत अशा जत्रेला जाणं ही सुंदरच गोष्ट आहे. फक्त मुलांना नाचायला सोडताना एवढं सांगावं, की हा ठेका ज्या हातांनी बसवला, त्यांतला एक हात फोटोत नाही. मोजदाद अजून चालू आहे.