ई-कचरा व्यवस्थापन आणि नैतिकता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
निकामी संगणक, दूरचित्रवाणी संच व भ्रमणध्वनी यांच्या कचऱ्याची समस्या केवळ तांत्रिक नाही. वस्तूचा उपभोग एकाने घ्यावा आणि तिच्यातील विष दुसऱ्याच्या वाट्यास यावे, हे न्याय्य आहे काय, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. या प्रश्नास कायद्याने कसकसे उत्तर दिले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आंतरराष्ट्रीय पार्श्वभूमी :
घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवर नियंत्रण आणणारा बाझल करार १९८९ मध्ये संमत झाला व १९९२ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी भारताने त्यास अनुसमर्थन दिले. मात्र मूळ करारात आयातदार देशाच्या पूर्वसंमतीवर भर होता. गरजेपोटी दिलेली संमती कितपत मुक्त मानावी, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाने चीनमधील ग्वेयू येथील वास्तव जगापुढे आणले. तेथे तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जात आणि सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडविले जात. श्रीमंत राष्ट्रांकडून होणाऱ्या निर्यातीवर बंदी घालणारी दुरुस्ती १९९५ मध्ये स्वीकारली गेली, परंतु ती अमलात येण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

भारतातील कायदे :
भारतात दिल्लीतील सीलमपूरसारख्या वस्त्यांत हेच काम भंगार व्यावसायिक व मजूर करीत आले. २०११ च्या नियमांनी (अंमल १ मे २०१२) उत्पादकाची विस्तारित जबाबदारी निश्चित केली. हे पाऊल निःसंशय महत्त्वाचे होते. तथापि, प्रत्यक्ष कचरा फोडणाऱ्या हातांचा विचार त्यात दुय्यम राहिला. अशा कामगारांची नोंदणी, प्रशिक्षण व आरोग्य यांची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी राज्यांच्या कामगार विभागांवर सोपविली. म्हणजेच कचरा कोणाचा, हे कायद्याने आधी ठरविले. तो कोण हाताळतो, हे नंतर विचारले.

समारोप :
२०२२ च्या नियमांनुसार वर्षभरात किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था 'मोठा ग्राहक' ठरते व तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत घटकांकडेच देणे बंधनकारक आहे. अनेक लहान महाविद्यालये या मर्यादेत बसत नाहीत. तेथे जडसंग्रह नोंदवहीतून निर्लेखित झालेला संगणक सर्वाधिक बोली लावणाऱ्यास विकला, की व्यवहार संपला असे मानले जाते. वस्तुतः नोंद संपते, परिणाम संपत नाही. कायद्याची मर्यादा जेथे संपते, तेथूनच नैतिक उत्तरदायित्वास प्रारंभ होतो. चार पैसे कमी घेऊन योग्य हाती वस्तू सोपविणे, हे त्याचे पहिले व्यावहारिक रूप होय.