रस्ता तुटल्यावरची चाचणी

२९ जानेवारी २०२१ रोजी, शेतकरी आंदोलनाच्या काळात, हरियाणा सरकारने पानिपतसह अनेक जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद केले. फोनवर बोलता येत होते, डेटा मात्र नव्हता. अशा दिवशी हॉटस्पॉटवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करा. काल पास झालेल्या चाचण्या आज नापास, आणि कोडची एक ओळही बदललेली नाही! बिचारा स्वतःच्याच कोडमधली चूक शोधत बसतो. (त्यासाठी सरकारी बंदीच हवी असे नाही, वसतिगृहाचे वायफायही पुरते.)

नेटवर्क भरवशाचे असते, हा समज चुकीचा असल्याचे सन मायक्रोसिस्टिम्समधील पीटर डॉइच यांनी १९९० च्या दशकातच बजावले होते. चाचण्यांपुरता उपाय २००० साली पुढे आला. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी ‘मॉक ऑब्जेक्ट’ची कल्पना मांडली. खऱ्या घटकाच्या जागी आपण पढवलेला घटक बसवायचा, अशी ही पद्धत. समजा, प्रोग्राम सर्व्हरकडून तापमान मागवतो. चाचणीत हा घटकच ‘४१ अंश’ असे उत्तर देतो. शिवाय ‘सर्व्हर गप्प आहे’ ही स्थितीही तो हवी तेव्हा घडवतो. खऱ्या सर्व्हरकडून ती मागून मिळत नाही, आणि नेमकी तीच तपासायची राहून जाते.

२००७ मध्ये जेरार्ड मेसझारोस यांनी अशा सर्व बदली घटकांना ‘टेस्ट डबल’ हे नाव रूढ केले. सिनेमात नायकाऐवजी उडी मारणारा असतो, त्यावरून हे नाव आले. मराठीत त्याला सरळ तोतया म्हणावे, आणि पानिपतनंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया आठवून त्याच्यावर नजरही ठेवावी.

२०१० मध्ये रुबी भाषेसाठी ‘व्हीसीआर’ हे साधन आले. पहिल्यांदा खऱ्या सर्व्हरचे उत्तर ‘कॅसेट’मध्ये नोंदवायचे, पुढे तेच वाजवायचे. सोय मोठी आहे, पण धोकाही इथेच आहे. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि पानिपतातल्या मराठी फौजेचा दिल्लीकडचा रस्ता तुटला. लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ती बातमी सुमारे दहा दिवसांनी, भेलशाजवळ, एका सावकारी पत्रातून कळली. तोवर हाती असलेली पत्रे खोटी नव्हती, जुनी होती. कॅसेटचेही तसेच होते. सर्व्हरने उत्तराचा साचा बदलला तरी आपल्या चाचण्या हिरव्याच राहतात. म्हणून खऱ्या सर्व्हरपर्यंत जाणाऱ्या थोड्या चाचण्या वेगळ्या ठेवून ठरावीक दिवसांनी चालवाव्या लागतात.

त्या चाचणीला रस्ताच मिळाला नाही तर निकाल काय लिहायचा? पायथन भाषेच्या स्वतःच्या चाचणीसंचाची रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. तिथे इंटरनेट लागणाऱ्या चाचण्या मुद्दाम सांगितल्याशिवाय चालतच नाहीत. चालवल्या आणि जोडणीच तुटली, तर त्या ‘नापास’ नव्हे, ‘वगळली’ म्हणून नोंदवण्याची सोय आहे. बातमी न येणे आणि वाईट बातमी येणे या दोन गोष्टी तिथे वेगळ्या मोजल्या जातात.

प्रकल्प जमा करण्याआधी लॅपटॉपचे वायफाय बंद करून सगळ्या चाचण्या एकदा चालवा. कोणती चाचणी तुमच्या नकळत बाहेर जात होती, ते तेव्हाच दिसेल.