यादीत कोण? लॉस एंजेलिस, १९४६

१/ सराव शिबिर सुरू झाले की संघात कोणाला ठेवावे, कोणाला वगळावे यावर अमेरिकन फुटबॉलचे चाहते हिरिरीने वाद घालतात. १९४६ साली लॉस एंजेलिसमध्ये हा वाद शिबिराच्या कितीतरी आधी, मैदानाच्या आयोगापुढे उभा राहिला.

२/ १९३४ ते १९४५ या बारा हंगामांत एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम नव्हता. मालकांची मूक संमती पुरेशी होती.

३/ केनी वॉशिंग्टन हा १९३९ मध्ये यूसीएलएचा अव्वल खेळाडू. जॅकी रॉबिन्सन त्याचा संघसहकारी. तरीही एनएफएलमधील एकाही संघाने त्याला घेतले नाही.

४/ जानेवारी १९४६ मध्ये विजेता रॅम्स संघ क्लीव्हलँडहून लॉस एंजेलिसला आला. त्याला कोलिझियम हवे होते. कृष्णवर्णीय पत्रकार हॅली हार्डिंग यांनी आयोगापुढे मुद्दा मांडला: मैदान सार्वजनिक पैशाचे आहे, मग आमच्या खेळाडूंना दार बंद ठेवणाऱ्यांना ते का द्यावे?

५/ २१ मार्च रोजी वॉशिंग्टन करारबद्ध झाला. मे महिन्यात वुडी स्ट्रोड. रॉबिन्सनचे मेजर लीगमधील पदार्पण त्यानंतर वर्षभराने, एप्रिल १९४७ मध्ये झाले.

६/ करारावेळी वॉशिंग्टन २७ वर्षांचा होता आणि गुडघे दुखापतींनी जर्जर झाले होते. तरी १९४७ मध्ये त्याने ९२ यार्डांची धाव घेत टचडाउन केला. १९४८ नंतर तो निवृत्त झाला. यादीत नाव लागले; उमेदीची वर्षे मात्र यादीबाहेरच सरली होती.