राउस, फ्रान्सिस पेटन

राउस, फ्रान्सिस पेटन : (५ ऑक्टोबर १८७९–१६ फेब्रुवारी १९७०). अमेरिकन विकृतिवैज्ञानिक. अर्बुदे उत्पन्न करणाऱ्या व्हायरसांच्या शोधाबद्दल त्यांना १९६६ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक चार्ल्स हगिन्झ यांच्यासमवेत विभागून मिळाले. ज्या संशोधनासाठी हा सन्मान झाला, ते १९११ मध्येच प्रसिद्ध झाले होते. शोधनिबंधाचे महत्त्व व त्याला मिळणारी मान्यता यांत किती अंतर पडू शकते, याचे हे एक ठळक उदाहरण होय.

राउस यांचा जन्म बॉल्टिमोर येथे झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९०५ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यावर काही काळ मिशिगन विद्यापीठात अध्यापन करून ते १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. त्याच वर्षी छातीवर गाठ असलेली प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी त्यांच्याकडे आणण्यात आली. ही गाठ सार्कोमा म्हणजे संयोजी ऊतकाचे मारक अर्बुद होती. तिचे तुकडे त्याच वाणाच्या इतर कोंबड्यांत रोपून ती वाढविता येते, हे त्यांनी १९१० मध्ये दाखविले. नंतर अर्बुद वाटून त्याचा अर्क त्यांनी जीवाणूही अडविणाऱ्या सूक्ष्म गाळणीतून गाळला. या कोशिकारहित द्रवाच्या अंतःक्षेपणानेही निरोगी कोंबड्यांत तसाच सार्कोमा उद्‌भवला. १९११ च्या निबंधाच्या शीर्षकात ‘व्हायरस’ हा शब्द नाही. ‘अर्बुद कोशिकांपासून वेगळा करता येणारा कारक’ असा सावध शब्दप्रयोग आहे. डेन्मार्कमध्ये एलरमान व बांग यांनी १९०८ मध्ये कोंबड्यांच्या श्वेतकोशिकार्बुदाबाबत (रक्ताच्या कर्करोगाबाबत) असेच निष्कर्ष काढले होते. परंतु तो रोग त्या वेळी कर्करोगांत मोडत नसे.

हा निबंध विस्मृतीत गेला होता असे पुष्कळदा म्हटले जाते. ते तंतोतंत खरे नाही. तो ठाऊक होता, पण पटला नव्हता. गाळणीतून काही कोशिका निसटल्या असाव्यात, ही गाठ खरा कर्करोगच नव्हे, किंवा हा पक्ष्यांपुरता अपवाद आहे, असे आक्षेप घेतले जात. सस्तन प्राण्यांत असा कारक शोधण्याचे प्रयत्न फसल्यावर १९१५ च्या सुमारास राउस यांनी स्वतःच हा विषय बाजूला ठेवला. लंडनमध्ये गाय व बार्नार्ड यांनी १९२५ मध्ये तो पुन्हा चर्चेत आणला आणि १९२६ मध्ये कार्ल लँडस्टायनर यांनी राउस यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचविले. मात्र त्या वर्षाचे पारितोषिक योहानेस फीबिगर यांना कृमिजन्य कर्करोगावरील ज्या कार्यासाठी मिळाले, त्याचा निष्कर्ष पुढे टिकला नाही.

मधल्या काळातील राउस यांचे लेखन रक्ताचे परिरक्षण, यकृत व पित्ताशय यांविषयी आहे. टर्नर यांच्यासह १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सायट्रेट व शर्करायुक्त विद्रावाच्या आधारे ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी पहिल्या महायुद्धात साठविलेले रक्त जखमींना दिले. रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये रानसशांच्या चामखिळींचा व्हायरस शोधून तो राउस यांच्या हाती सोपविला, तेव्हा ते अर्बुदांकडे परतले. या चामखिळींचे कर्करोगात रूपांतर होते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन’ या नियतकालिकाच्या संपादनात ते १९२१ पासून जवळजवळ अर्धशतक होते. ज्या नियतकालिकात आपला निबंध छापला, त्यातच इतरांचे निबंध तपासण्याचे काम त्यांनी इतका काळ केले.

राउस यांच्या कोंबडीचा व्हायरस पुढे स्वतःच संशोधनाचे साधन बनला. त्याच्या शुद्धीकरणाच्या प्रयत्नांतून आल्बेअर क्लोद कोशिकेच्या घटकांचे विभाजन करण्याच्या तंत्राकडे वळले. टेमिन व रुबिन यांनी १९५८ मध्ये ऊतकसंवर्धनात त्याचे मापन करण्याची पद्धत दिली. १९७० मध्ये टेमिन व मिझुतानी यांना याच व्हायरसात, तर बॉल्टिमोर यांना त्याच्यासह उंदरांच्या व्हायरसातही, आरएनएवरून डीएनए घडविणारे एंझाइम आढळले. बिशप, व्हार्मस व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या व्हायरसातील कर्करोगकारक जीनचे मूळ निरोगी पक्ष्यांच्या कोशिकांत असल्याचे दाखविले. पुढील नोबेल पारितोषिकांपैकी १९७४, १९७५ व १९८९ सालच्या पारितोषिकांचा संबंध या परंपरेशी पोहोचतो.

संदर्भांच्या संख्येवरून निबंधाचा प्रभाव मोजण्याची पद्धत युजीन गारफील्ड यांच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या १९६४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या सूचीमुळे रूढ झाली. राउस यांच्या बाबतीत हे माप दोन्ही बाजूंनी अपुरे पडते. पहिल्या दशकांतील अनेक उल्लेख आक्षेप घेणारे आहेत. उलट, निष्कर्ष सर्वमान्य झाल्यावर ‘राउस सार्कोमा व्हायरस’ हे नावच पुरेसे ठरले आणि मूळ निबंधाचा निर्देश करण्याची गरज उरली नाही. नाव लेखात येते, निबंध संदर्भसूचीत येत नाही.

कर्करोग कोशिकेतील जीनांच्या उत्परिवर्तनांमुळे होतो, हे मत मात्र राउस यांनी अखेरपर्यंत मान्य केले नाही. १९६६ च्या नोबेल व्याख्यानातही त्यांनी त्यास विरोध केला. ते न्यूयॉर्क येथे मरण पावले.